एका सतरा अंकी संख्येची कैफियत

नऊ वेळा एक लिहून होणारी १११११११११ ही संख्या तिनेच गुणली असता १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या निष्पन्न होते, आणि एकापासून नवापर्यंत क्रमाने चढत जाऊन त्याच क्रमाने पुन्हा एकापर्यंत उतरणारी ही अंकमाला पाहून शाळकरी मुलापासून निवृत्त गृहस्थापर्यंत ज्याला त्याला विस्मय वाटतो. विस्मय वाटण्यात काही गैर आहे असे मी म्हणत नाही. माझी हरकत आहे ती या विस्मयाची जी वासलात लावली जाते तिला. कारण ‘गणितातील चमत्कार’ अशा मथळ्याखाली ही संख्या वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि आता भ्रमणध्वनीवरून हातोहात फिरते, वाचक क्षणभर थबकतो, दुसऱ्याला दाखवतो आणि पुढल्या मजकुराकडे वळतो. पण असे का झाले, ही संख्या कोणत्या जातीची आहे, तिचे विभाजक किती, तिचे सगेसोयरे कोण, यांपैकी एकही प्रश्न कोणी विचारीत नाही. ज्या महाराष्ट्रात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाच्या एका शाळामास्तराने याच प्रकारच्या संख्यांचे वर्गीकरण करण्यात आपले उभे आयुष्य वेचले, त्या महाराष्ट्राने तरी या संख्येला चमत्कार म्हणून हातावेगळे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ते नुसते सांगण्यापेक्षा या एकाच संख्येची कैफियत तपशीलवार मांडणे मला अधिक उचित वाटते.

प्रथम हिचा उच्चार. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एक, दश, शत यांपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत, आणि त्या परिभाषेत ही संख्या वाचावयाची तर एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधि, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश आणि एक, असे म्हणावे लागते. अठरापैकी सतरा स्थाने येथे भरली गेली. रिकामे राहिले ते एकटे परार्ध. चाळीसगावाजवळच्या पाटणे येथे याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने यादवांच्या अमदानीत, इ.स. १२०७ च्या सुमारास, मठ स्थापल्याचा शिलालेख आहे व तो डॉ. भाऊ दाजींनी उजेडात आणला, हे मी केवळ अभिमानापोटी नमूद करीत नाही. मोठ्या संख्येला स्थान देऊन नाव देण्याची आणि ती विद्या पुढे चालावी म्हणून रीतसर तजवीज करण्याची वहिवाट आपल्याकडे किती जुनी आहे, त्याचा तो दाखला आहे.

आता कारण. पाटीवर १११११११११ ला १११११११११ ने गुणावयास बसावे, म्हणजे सारे रहस्य डोळ्यांसमोर उलगडते. गुणकाचा प्रत्येक अंक एकच असल्यामुळे नऊ ओळींत तीच नऊ एकांची संख्या उतरते, फक्त प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली असते. परिणामी उजवीकडून पहिल्या स्तंभात एकच एक येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे होता होता नवव्या स्तंभात नऊ एक जमतात, आणि तेथून पुढे उजवीकडच्या ओळी एकेक करून संपत गेल्याने आठ, सात, सहा असे उतरत सतराव्या स्तंभात पुन्हा एकच एक उरतो. कोणत्याही स्तंभाची बेरीज नवापलीकडे जात नाही, सबब हातचा घ्यावा लागत नाही, आणि म्हणून स्तंभांतील एकांची मोजदाद हीच उत्तराच्या अंकांच्या रूपाने जशीच्या तशी प्रकट होते. दहा एकांचा वर्ग करावयास जावे तर मधल्या स्तंभात दहा जमतात, हातचा येतो, आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येऊन ती चढउतार भंगते. ज्याने हे एकदा स्वतः मांडून पाहिले त्याचा विस्मय कमी होत नाही, असा माझा अनुभव आहे. त्याला आधार मात्र मिळतो.

यापुढे जी गोष्ट मी सांगणार आहे ती आमच्या पाठ्यपुस्तकांत अभावानेच स्पष्ट केली जाते. संख्येचे गुणधर्म दोन प्रकारचे असतात. काही गुणधर्म त्या राशीचे स्वतःचे असतात. ती दशमान पद्धतीत लिहा, द्विमान पद्धतीत लिहा, वा खडे मांडून दाखवा, त्यांत फेरफार होत नाही. दुसरे गुणधर्म तिच्या लेखनाचे असतात आणि लेखनपद्धती पालटताच ते लोप पावतात. आपल्या संख्येची सुंदर चढउतार या दुसऱ्या प्रकारात मोडते. जिथे शून्य व एक यांखेरीज अंकच नाहीत त्या द्विमान लेखनात ती असूच शकत नाही. उलट बारा किंवा सोळा हा पाया मानणाऱ्या पद्धतीत नऊ एकांचा वर्ग केला तर हीच अंकमाला पुन्हा उमटते, परंतु तिने दर्शविलेली राशी सर्वस्वी निराळी असते.

राशीचे स्वतःचे गुणधर्म आधी पाहू. नऊ एकांची संख्या म्हणजे ९ गुणिले १२३४५६७९, ज्यात आठ हा अंक गळलेला आहे. आणि १२३४५६७९ म्हणजे ३७ गुणिले ३३३६६७. यांपैकी ३७ व ३३३६६७ या दोन्ही मूळ संख्या आहेत. तेव्हा आपल्या सतरा अंकी संख्येचे अवयव म्हणजे तीनाचा चौथा घात, सदतिसाचा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग, एवढेच. एवढ्यावरून तिच्या विभाजकांची खानेसुमारी विनासायास होते: तीनाचे पाच पर्याय, सदतिसाचे तीन व तिसऱ्या अवयवाचे तीन, यांचा गुणाकार ४५. एकशे तेवीस कोटींच्या कोटीहून मोठ्या या राशीला अवघे पंचेचाळीस विभाजक आहेत. प्राचीन ग्रीक परंपरेत निकोमाखसाने संख्यांचे न्यून, पूर्ण व अधिक असे तीन वर्ग मानले, ते त्या संख्येखेरीज तिच्या इतर विभाजकांची बेरीज संख्येहून कमी, समान की जास्त यावरून. त्या हिशेबाने आपल्या संख्येच्या विभाजकांची बेरीज तिच्या निम्म्याहून थोडीच अधिक भरते, म्हणून ती निःसंशय न्यून ठरते.

पण या अवयवांतून निघणारी सर्वांत रमणीय गोष्ट भूमितीची आहे. चाराने भागले असता बाकी एक उरते अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेने लिहिता येते, हे फेर्माने सतराव्या शतकात सांगितले व ऑयलरने अठराव्या शतकात सिद्ध केले. आपल्या तीन अवयवांपैकी असा अवयव एकटा ३७ आहे. ३ आणि ३३३६६७ यांना चाराने भागले तर बाकी तीन उरते. सदतिसाचा वर्ग म्हणजे पस्तिसाचा वर्ग अधिक बाराचा वर्ग. १११११११११ मध्ये ३७ हे ३००३००३ वेळा जातात. तेव्हा पस्तीस व बारा यांना ३००३००३ ने गुणले की १०५१०५१०५ आणि ३६०३६०३६ या दोन भुजा मिळतात, ज्यांच्या वर्गांची बेरीज नेमकी १२३४५६७८९८७६५४३२१ होते. नऊ एकांचा कर्ण असलेला, सर्व बाजू पूर्णांकी असणारा हा काटकोन त्रिकोण जगात एकच आहे, दुसरा असणे शक्य नाही. आणि त्याच्या भुजा लिहून पाहिल्या तर त्यांतही एकशे पाच तीनदा आणि छत्तीस तीनदा, मध्ये शून्याची खूण ठेवून, पुनरावृत्त होताना दिसतात.

लेखनातील साम्य आणि राशीचा स्वभाव यांत अंतर किती असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही: आपल्या संख्येत शिखरावरील नवानंतर दहा हा आकडा घालून दुसऱ्या बाजूने पुन्हा नवापासून उतरत आलो, म्हणजे १२३४५६७८९१०९८७६५४३२१ असे लिहिले, तर ही वीस अंकी संख्या मूळ संख्या आहे. एकीला पंचेचाळीस विभाजक, दुसरीला एक आणि ती स्वतः एवढेच दोन. आणि डोळ्याला तर दोघी बहिणी वाटतात.

लेखनाच्या गुणधर्मांकडे वळताना कापरेकरांचे नाव आल्याशिवाय राहत नाही. १९०५ साली डहाणूस जन्मलेले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक म्हणून नोकरी केलेले हे गृहस्थ ‘गणितानंद’ म्हणून ओळखले जात. ६१७४ या त्यांच्या स्थिरांकाची वार्ता आता बहुतेकांच्या कानी आहे, म्हणून तिचा विस्तार मी करीत नाही. जुन्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या डोंबिवली स्थानकाच्या तत्कालीन ‘डेम्लो’ या नावावरून त्यांनी एका संख्याजातीचे नामकरण केले, कारण तिची कल्पना त्यांना तेथे सुचली होती. आणि १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात गुंजीकरांच्या समवेत तिचा सिद्धांत प्रसिद्ध केला. डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात, आणि पहिला व शेवटचा भाग यांची बेरीज केली की मधल्या भागात जो अंक असतो त्याचीच पुनरावृत्ती मिळते. आपल्या संख्येत मधला भाग नऊ. डावीकडचे १२३४५६७८ आणि उजवीकडचे ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९. अशा प्रकारे एकांच्या वर्गांतून होणाऱ्या १, १२१, १२३२१ इत्यादी संख्यांना त्यांनी अद्भुत डेम्लो संख्या म्हटले, आणि आपली संख्या त्या मालिकेतील नववी.

कापरेकरांची दुसरी जात हर्षद संख्यांची. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते ती हर्षद. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ होते, आणि तिच्या अवयवांत तीनाचा चौथा घात आपण पाहिलाच आहे, तेव्हा ती ८१ ने भागली जाते. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे त्या आठ गळलेल्या १२३४५६७९ चाच वर्ग. ती हर्षद ठरली.

तिसरी जात स्वयंभू संख्यांची, आणि येथे थोडे थांबणे इष्ट आहे. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की दुसरी संख्या जन्मास येते. एकवीस व तीन मिळून चोवीस होतात, म्हणून एकवीस हे चोविसाचे जनक. ज्या संख्येला असा कोणीच जनक नाही, जशी वीस, तिला कापरेकरांनी स्वयंभू म्हटले. आपल्या संख्येला जनक आहे का? ती नवाने भागली जात असल्यामुळे जनकही नवाने भागला जाणाराच हवा, आणि म्हणून त्याची अंकबेरीजही नवाच्या पटीतच हवी. सतरा अंकांची बेरीज फार तर १५३. तेवढे वजा केले तरी धक्का लागतो तो अखेरच्या तीन अंकांनाच, पहिले चौदा अंक कायम राहतात व त्यांची बेरीज ७५ भरते. शेवटच्या तीन अंकांची बेरीज मग सहा किंवा पंधराच असू शकते, म्हणजे जनकाची अंकबेरीज ८१ किंवा ९०. नव्वद वजा केले तर शेवट २३१ येतो व अंकबेरीज ८१ होते. मेळ बसत नाही. एक्क्याऐंशी वजा केले तर १२३४५६७८९८७६५४२४० मिळते, आणि तिची अंकबेरीज बरोबर ८१. जनक सापडला, आणि तो एकुलता एक आहे. आता त्या जनकाचा जनक शोधावा: हाच युक्तिवाद पुन्हा लावला की एक्क्याऐंशी वजा करून शेवट १५९ व अंकबेरीज ९० येते, नव्वद वजा करून शेवट १५० व अंकबेरीज ८१ येते, आणि दोन्हीकडे विसंवाद राहतो. म्हणजे आपल्या संख्येचा जनक स्वतः स्वयंभू आहे. शिवाय आपल्या संख्येत ८१ मिळवून होणारे तिचे अपत्य १२३४५६७८९८७६५४४०२, त्याची अंकबेरीज पुन्हा ८१. आणि तिन्ही पिढ्या ८१ ने भागल्या जात असल्यामुळे तिन्ही हर्षद. हे सारे कोणत्याही यंत्राच्या साहाय्याविना, नवाची कसोटी शिकलेल्या मुलाला अर्ध्या तासात पडताळून पाहता येते.

या वर्गीकरणावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. केंब्रिजचे हार्डी, ज्यांनी रामानुजनांची प्रतिभा जगापुढे आणली, त्यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मसमर्थनपर ग्रंथात अशा अंकगुणांना गंभीर गणितात स्थान नाकारले. ८७१२ आणि ९८०१ या चार अंकी संख्या आपल्याच उलट्या संख्येच्या पटी आहेत, वा १५३, ३७०, ३७१ व ४०७ या आपल्या अंकांच्या घनांच्या बेरजेएवढ्या आहेत, अशा गोष्टी हौशी लोकांना रुचतील, गणितज्ञाला नाही, असा त्यांचा निर्वाळा. कारण त्यांतून कोणताही व्यापक विचार उद्भवत नाही. त्या विशिष्ट उदाहरणांपुरता हा निर्णय मला मान्य आहे. पण तो सर्व अंकगुणांना सरसकट लागू करणे अन्यायाचे होते, आणि कापरेकरांना आपल्या विद्वज्जनांकडून जी उपेक्षा सोसावी लागली तिच्या मुळाशी हीच सरसकट वृत्ती होती असे मला वाटते. हर्षद संख्यांचेच पाहा. लागोपाठ एकवीस हर्षद संख्या कधीही सापडणार नाहीत, परंतु लागोपाठ वीस सापडतात, हे कूपर व केनेडी या दोन अमेरिकी गणितज्ञांनी १९९३ मध्ये सिद्ध केले. आणि त्यांनी दाखवलेल्या वीस संख्या इतक्या प्रचंड आहेत की त्यांतील प्रत्येकीत चार हजार चारशे कोटींहून अधिक अंक आहेत. देवळालीच्या शिक्षकाने केलेल्या एका ओळीच्या व्याख्येतून इतका खोल निष्कर्ष निघतो, ही गोष्ट मला हार्डींच्या निर्वाळ्याइतकीच वजनदार वाटते. पाश्चात्त्यांना कापरेकरांची ओळख घडली ती मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा, शिक्षकी पेशातून ते निवृत्त झाल्याला तोपर्यंत तेरा वर्षे लोटली होती.

आणि ही आवड काही एकट्या कापरेकरांची नव्हे. राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळी, नवव्या शतकाच्या मध्यास, जैन आचार्य महावीर यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात सुंदर गुणाकारांना त्यांनी गळ्यातील माळेची उपमा दिली आहे. १२३४५६७९ ला नवाने गुणून नऊ एक मिळवण्याचा गुणाकार तेथे आहेच, आणि २७९९४६८१ गुणिले ४४१ बरोबर १२३४५६५४३२१ हाही आहे. म्हणजे आपल्या संख्येची धाकटी बहीण, सहा एकांचा वर्ग, त्यांना परिचित होती. विशेष असे की २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग आणि ४४१ हा २१ चा वर्ग. तेव्हा त्या गुणाकाराची निवड नुसत्या योगायोगाने झालेली दिसत नाही. हा ग्रंथ रंगाचार्यांनी १९१२ साली मद्रासेस संपादून छापला, आणि १९६३ साली सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने तो हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. इतके जवळ असलेले हे धन आमच्या शिक्षकांच्या हाती क्वचितच पडते.

माझी मागणी मोठी नाही. विभाज्यतेच्या कसोट्या आमच्या शाळांत शिकवल्या जातात, वर्ग, घन, मूळ संख्या, विभाजक हेही शिकवले जाते. पण प्रत्येक गोष्ट तिच्या तिच्या प्रकरणात, दोन-तीन अंकी संख्यांवर, सुटी सुटी. त्याऐवजी वर्षातून काही तास एखादी मोठी संख्या फळ्यावर लिहावी आणि मुलांना तिचे दप्तर तयार करावयास सांगावे: राशीचे गुणधर्म एका रकान्यात, लेखनाचे दुसऱ्या रकान्यात, आणि प्रत्येक नोंदीसमोर तिची सिद्धता. सिद्धतेशिवाय कोणतीही नोंद रुजू होऊ नये, हा नियम कसोशीने पाळावा. कारण झटपट गुणाकाराच्या युक्त्या पाठ करून मुलाचा वेग वाढतो, पण ‘का?’ हा प्रश्न त्या युक्त्यांच्या वाटेला जात नाही, आणि अशा युक्त्यांच्या वर्गांवर पालक जो पैसा व मुलांचा वेळ खर्च करतात त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

आरंभासाठी याच कुटुंबातील एक प्रश्न द्यावा. एका एकापासून नऊ एकांपर्यंतच्या नऊ वर्गांपैकी हर्षद किती? प्रत्येकाची अंकबेरीज ही एकांच्या संख्येचा वर्ग असते: दोन एकांना चार, तीन एकांना नऊ, चारांना सोळा. दोन, चार, सहा व आठ एकांचे वर्ग विषम असून अंकबेरीज सम, म्हणून ते बाद. पाच एकांच्या वर्गाचा शेवट एकाने होतो, म्हणून पंचविसाने तो भागला जात नाही. सात एकांची संख्या म्हणजे २३९ गुणिले ४६४९, तीत सातचा मागमूस नाही. उरतात एक, तीन आणि नऊ एकांचे वर्ग, आणि हे तिन्ही हर्षद आहेत. एक, तीन, नऊ हा क्रम पाहून चुणचुणीत मूल पुढला आकडा सत्तावीस म्हणून सुचवीलच. सत्तावीस एकांची संख्या सत्तावीसने भागली जाते हेही खरे ठरेल, आणि तिचा वर्ग ७२९ ने भागला जाईल. पण त्या वर्गात अंक त्रेपन्नच असल्यामुळे त्याची अंकबेरीज ४७७ च्या वर जाऊच शकत नाही, तेव्हा ७२९ ही अंकबेरीज तेथे कधीच मिळणार नाही, आणि तो वर्ग हर्षद आहे की नाही हे ठरवण्यासाठी त्या मुलाला हातच्यांसकट तो सबंध गुणाकार वहीत मांडावा लागेल.